साहित्यातली प्रतीकं वाचायला शिकवणारा सोलापुरातला रविवारचा वर्ग: जावं का?

नवी पेठेच्या मागच्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हा वर्ग भरतो. रविवारी सकाळी १० ते १२.३०, असे सहा रविवार. फी १,२०० रुपये. त्यात ४० पानांची पुस्तिका आणि दर आठवड्याचा गृहपाठ तपासून मिळणं धरलेलं आहे. एका तुकडीत २० पेक्षा जास्त माणसं घेत नाहीत. बाहेर पाटी नाही, वर्गाला नावही नाही. शिकवणारे दोघे, दोघांनीही आयुष्यभर मराठीच शिकवलेलं.

मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या चार बैठका फार चांगल्या आहेत. पाचवी घाईत उरकली जाते. सहाव्या बैठकीत दोन पानांचा एक तक्ता वाटतात, तो मात्र बंद व्हायला हवा. एवढं धरूनही, बी.ए., एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्यांनी, सेट-नेटची तयारी करणाऱ्यांनी आणि शाळेत कविता शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा वर्ग जरूर करावा.

वर्गाची गरज का आहे ते आपल्याकडच्या उत्तरपत्रिका पाहिल्या की कळतं. गाइडांनी मुलांना एक सवय लावली आहे: डावीकडे वस्तू, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे अर्थ. दिवा म्हणजे ज्ञान, वाट म्हणजे आयुष्य, रात्र म्हणजे दुःख. असं पाठ केलं की कवितेकडे बघायचं कामच उरत नाही. कुठल्याही कवीची वाट घ्या, उत्तर तेच. खरं तर प्रतीकाचा अर्थ त्या त्या रचनेत घडतो. वस्तू कुठे ठेवली, कशाच्या शेजारी ठेवली, तिला कोणतं विशेषण आणि कोणतं क्रियापद दिलं, पुढे तिचं काय झालं, यावर तो ठरतो. वर्गाचा पहिला नियम फळ्यावर लिहिलेला असतो: आधी वस्तू, मग अर्थ. बाकीची पद्धत त्यातूनच निघते.

दुसरी बैठक या वर्गाचा कणा आहे. संपूर्ण अडीच तास बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींवर. अडीच तास कशाला, असं वाटेल; पण काम संपत नाही.

आधी कविता मोठ्या टायपात, ओळींमध्ये दोन बोटं जागा सोडून छापलेली हातात देतात. पेन्सिलनं तीन वेगवेगळ्या खुणा करायच्या: रंगाला गोल, क्रियापदाला खालून रेघ, आणि हालचाल जिकडे चालली आहे तिकडे बाण. दहा मिनिटांत पानावर चित्र दिसू लागतं. रंगांचे गोल असे पडतात: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. म्हणजे हिरव्यातून पांढरी वाट निघते आणि काळ्यात जाऊन संपते. क्रियापदं घ्या: झरा वाहतो, वाट आडवीतिडवी पडते, मग चालू लागते, काळिमा पसरतो, आणि शेवटी झाड बसतं. वाहण्यापासून बसण्यापर्यंत कवितेचा वेग कमी कमी होत जातो. बाण सगळे डोहाच्या दिशेला. अजून अर्थाचा एक शब्दही कुणी उच्चारलेला नसतो. शिक्षक तो उच्चारू देत नाहीत.

मग प्रश्न येतो: या आठ ओळींत माणसं किती? बहुतेक जण चार-पाच तरी सांगतात, कारण चार घरं आहेत, गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे. पुन्हा वाचल्यावर लक्षात येतं की माणूस एकही नाही. गुरं नाहीत, पाखरूही नाही. माणसाची कामं करणारे दोनच आहेत: चालणारी वाट आणि पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. झाडाला पाय कवीनं दिलेत. ही एक गोष्ट नीट पाहिली की ‘निसर्गाचं सुंदर वर्णन’ हे तयार उत्तर कुणालाच पुरेसं वाटत नाही.

अर्थाकडे वळल्यावर तीन उत्तरं हमखास येतात, आणि ती का अपुरी पडतात हे या बैठकीत फार नेमकं दाखवतात.

पहिलं उत्तर: औदुंबर म्हणजे दत्त. सोलापुरात ते येणारच. अक्कलकोट जवळ, गाणगापूर जवळ, घराघरात गुरुवार पाळणारं कुणी ना कुणी आहे. पण कवितेत पादुका नाहीत, पार नाही, दिवा नाही, नमस्काराला आलेलं कुणी नाही. श्रद्धेतलं प्रतीक वाचकानं बाहेरून आणलेलं आहे. ते फेकून द्यायचं नाही, कारण वड किंवा बाभूळ न निवडता औदुंबर निवडल्यानं एक विरक्तीची छटा नक्की येते. पण ‘छटा येते’ आणि ‘अर्थ हाच आहे’ यांत अंतर आहे, आणि ते उत्तरात दिसलं पाहिजे.

दुसरं उत्तर: काळा डोह म्हणजे मृत्यू. याला एकच शब्द आडवा येतो. सातव्या ओळीतला काळिमा ‘गोड’ आहे. मृत्यू हा अर्थ घ्यायचाच असेल तर गोड मृत्यू घ्यावा लागेल, आणि मग भीती, शोक, अंत असं काही लिहिता येणार नाही. एका विशेषणानं अर्धा अर्थ पुसला जातो. गाइडांमध्ये हा ‘गोड’ बहुधा गाळलेलाच असतो, कारण तो समीकरणात बसत नाही.

तिसरं उत्तर चरित्रातून येतं. बालकवी १९१८ मध्ये, वयाची २८ वर्षं पूर्ण होण्याआधीच, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. हे माहीत असलेला विद्यार्थी डोहाकडे जाणाऱ्या वाटेत तो शेवट वाचतो. शिक्षक इथे कडक आहेत: चरित्र शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि तेही फक्त कवितेत आधीच सापडलेल्या गोष्टीला आधार म्हणून. कविता लिहिताना कवीला त्याचा शेवट ठाऊक नव्हता. आपल्याला ठाऊक आहे म्हणून तो कवितेत घालता येत नाही. हा नियम किती जणांना जड जातो ते चर्चेच्या तापमानावरून कळतं, पण तो योग्यच आहे.

वड-बाभळीचा उल्लेख वर आला, तो त्यांच्या अदलाबदलीच्या चाचणीतला. वस्तू काढायची, तिच्या जागी दुसरी ठेवायची, आणि काय काय गेलं ते लिहायचं. वड ठेवला की पारंब्या येतात, वटपौर्णिमा येते, कुटुंबाचा पसारा येतो. एकट्यानं बसणं बिघडतं. बाभूळ ठेवली की काटे येतात, उजाड माळ येतो. दाट हिरवाईशी जुळत नाही. उंबर पाण्याच्या कडेला सहज वाढतो, त्याची सावली गर्द असते, म्हणून पाण्यात पाय सोडणं त्याला शोभतं. अदलाबदलीनंतर काहीच हरवलं नाही, तर ती वस्तू सजावटीची आहे असं समजावं. ही चाचणी घरी, कुठल्याही कवितेवर करता येते. सगळ्या वर्गात हीच सगळ्यात उपयोगी वाटली.

या बैठकीत एक संधी मात्र दरवेळी वाया जाते. सोलापूरच्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे निम्म्याला निम्मे असू शकतात. पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या मुलाला उंबर म्हटलं की तेलुगू कवी वेमनाचं पद्य आठवतं: उंबराचं फळ वरून सोन्यासारखं, पोट उघडून पाहावं तर आत किडे. त्याच्या कानात औदुंबर या शब्दाबरोबर दत्त येत नाही, वरवरच्या दिखाऊपणावरचा टोला येतो. वर्गात हे कुणी बोललं तर ‘ते आपल्या कवितेत नाही’ म्हणून बाजूला सारतात. नाहीच आहे, कवितेत फळ नाही. पण नेमकं हेच दाखवायला हवं की दत्त आणणारा आणि किडे आणणारा असे दोन्ही वाचक आपापल्या घरातून काहीतरी घेऊन येतात आणि दोघांनाही एकाच कसोटीवर उतरावं लागतं: ओळ दाखवा. याहून चांगलं उदाहरण सोलापूरबाहेर मिळणार नाही.

पहिली बैठक या मानानं सोपी आहे, पण ती चुकवू नये, कारण दृष्टान्त, रूपक आणि प्रतीक यांचा घोळ तिथेच सुटतो. सुरुवात चोखोबांच्या ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ या अभंगानं (डोंगा म्हणजे वाकडा). मंगळवेढ्याचे चोखोबा आणि उसाचा हा जिल्हा, त्यामुळे वस्तू समजावून सांगावी लागत नाही. ऊस आणि रस, कमान आणि तीर, नदी आणि जळ, आणि शेवटी चोखा आणि भाव. हा दृष्टान्त आहे: एका गोष्टीनं दुसरी पटवून द्यायची. बहुतेक जण ‘बाह्यरूपाला भुलू नका’ एवढ्यावर थांबतात. वर्गात पुढचं विचारतात: तिन्ही जोड्या सारख्याच आहेत का? नाहीत. रस उसाच्या आत असतो आणि पिळल्यावरच बाहेर येतो. तीर कमानीतून सुटून दूर जातो. जळ नदीच्या वाकणांवरूनच वाहत राहतं. वाकडेपणा तिन्हीकडे एकच, पण सरळपणाचं नातं प्रत्येक वेळी वेगळं. चौथ्या जोडीत कवी स्वतःला ठेवतो तेव्हा आधीची तिन्ही नाती त्याच्या भावाला येऊन चिकटतात: पिळलेला, सुटलेला, वाहता. समाजानं ज्याला वाकडं म्हटलं त्या माणसानं स्वतःच्या नावापुढे ‘डोंगा’ लावणं, हे शेवटच्या जोडीत कळतं तेव्हा वर्गात शांतता होते.

मग एकनाथांचं विंचवाचं भारूड. इथे विंचू काम-क्रोधाचा आहे हे नाथ स्वतःच सांगून टाकतात. किल्ली रचनेतच ठेवलेली असते तेव्हा ते रूपक. इथे बरोबरचं चिन्ह चालतं आणि परीक्षेतही ते लिहावं. उतारा सत्त्वगुणाचा, मागे सारायचा तो तमोगुण, सगळा हिशोब पक्का. पण भारुडाच्या शेवटी, उतारा दिल्यावरही ‘किंचित राहिली फुणफुण’ येतं, आणि ती शेवटी गुरू जनार्दनच शांत करतात. ही फुणफुण कशाची, याची किल्ली दिलेली नाही. विंचू उतरला तरी दंशाच्या जागी ठणका राहतो हे ज्याला माहीत आहे त्याला ती कळते. विकार उतरले तरी काहीतरी उरतं, हा अर्थ वस्तूच्या अनुभवातून आला, कवीच्या स्पष्टीकरणातून नाही. रूपकाचं प्रतीक होऊ लागतं ते अशा ठिकाणी. ही जागा दाखवून देणारा वर्ग मला तरी दुसरा माहीत नाही.

याच बैठकीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांचा, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांचा, उल्लेख येतो. सात नंदीध्वज, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाच्या अक्षता. काठी म्हणजे काय हे अख्ख्या शहराला माहीत असतं; ते परंपरेनं ठरलेलं आहे. याला रूढ प्रतीक म्हणायचं. कथा-कवितेतलं प्रतीक असं आधी ठरलेलं नसतं, त्याला रचनेतच आपला अर्थ कमवावा लागतो. हा भाग दहा मिनिटांत होतो आणि तेवढा पुरेसा आहे.

तिसरी बैठक मर्ढेकरांच्या ओल्या पिपातल्या उंदरांवर. ती मी थोडक्यात सांगतो, कारण पद्धत तीच आहे. ‘उंदीर म्हणजे सामान्य माणूस’ हे उत्तर चूक नाही, पण तिथेच थांबलं तर कवितेतलं काही हाती लागत नाही. ओलेपणा पिपाला दिलाय, उंदरांना नाही. माना पडल्यात त्या ‘मुरगळल्याविण’, म्हणजे मारणारा हात कुठेच दिसत नाही. जगायची जागा बीळ, मरायची जागा पीप. एक आपण खणलेली, दुसरी दुसऱ्याच कुणाच्या उपयोगाची. या तीन गोष्टी लिहिल्या की उत्तर आपोआप भरीव होतं. इथे गृहपाठ म्हणून एक परिच्छेद लिहायला देतात आणि तो लाल शाईत, ओळीओळीला शेरा देऊन परत करतात. ‘पुरावा कुठे?’ हा शेरा सगळ्यात जास्त दिसतो.

चौथ्या बैठकीत गद्य येतं. छापील कथा वाटायच्या नाहीत म्हणून शिक्षकांनी स्वतःच एक दीड पानाचा उतारा लिहिला आहे, आणि तो सोलापूरचा आहे. मागावरचं घर. आधी बाप माग चालवतो आणि धोटा, म्हणजे आडवा धागा (बाणा) नेणारा लाकडी तुकडा, ताण्याच्या उभ्या धाग्यांतून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळतो. आई कांड्या भरते. मग माग भंगारात जातो, धोटा तेवढा राहतो आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला जातो, सणाला त्याला हळदकुंकू लागतं. शेवटी नातू तो फळीवरून काढतो आणि पाण्याच्या टबात सोडतो. धोट्याचा आकार होडीसारखाच असतो, त्यामुळे तो छान तरंगतो. आजोबा बघतात आणि काही बोलत नाहीत. एवढाच उतारा.

पहिल्या फेरीत सगळ्यांचं उत्तर: धोटा म्हणजे परंपरा. मग तीन रकाने आखायला लावतात. धोटा पहिल्यांदा आला तेव्हा काय करत होता? पळत होता, बाण्याचा धागा नेत होता. दुसऱ्यांदा? नुसता ठेवला होता, पुजला जात होता. तिसऱ्यांदा? पुन्हा हलला, पण त्याला धागा नव्हता. ‘परंपरा’ हा शब्द तिन्ही रकान्यांना सारखाच बसतो, म्हणून तो कुठलंच काम करत नाही. इथे वर्गातला सगळ्यात मोलाचा नियम सांगतात: प्रतीकाचा अर्थ नामात लिहू नका, क्रियापदात लिहा. ‘धोटा म्हणजे परंपरा’ ऐवजी ‘जे चालत होतं ते जपलं गेलं आणि जपलेलं पुन्हा चाललं, पण धाग्याशिवाय’. वाक्य लांबतं, पण त्यात बदल पकडला जातो, आणि प्रतीकाचा जीव त्या बदलातच असतो. पुढचा प्रश्नही चांगला आहे: आजोबांच्या गप्प बसण्यात दुःख आहे की मोकळीक? उताऱ्यात दोन्हींना जागा ठेवली आहे. फळीवर असताना धोट्याला हळदकुंकू होतं पण हालचाल नव्हती. टबात हालचाल आहे पण मान नाही. निदान दोन अर्थ लिहायचे आणि प्रत्येकाला उताऱ्यातला शब्द जोडायचा, हा गृहपाठ. एकच अर्थ लिहून आणला तर वही परत मिळते.

या उताऱ्यावर माझा एक आक्षेप आहे. तो फार नीटनेटका आहे. तीन वेळा वस्तू, तीन अवस्था, सगळं मापात. खऱ्या कादंबरीत वस्तू ४० पानांनी पुन्हा डोकावते, मध्येच विसरली जाते, कधी तिचं नावही न घेता तिची जागा तेवढी दिसते. अशी विखुरलेली खूण कशी टिपायची, हे शिकवत नाहीत. कादंबरी वाचताना शेवटच्या कोऱ्या पानावर वस्तूचं नाव लिहून पुढे पानांचे आकडे टाकत जाणं, आणि वाचून झाल्यावर तेवढीच पानं सलग पुन्हा वाचणं, एवढं जरी सांगितलं तरी काम भागेल. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना याची गरज कवितेपेक्षा जास्त आहे.

पुस्तिकेतही एक चूक आहे, ती दुरुस्त व्हावी. पान ११ वर म्हटलं आहे की वस्तू किमान तीनदा आली तरच तिला प्रतीक म्हणावं. धोट्याला हे बसतं. पण याच वर्गात ज्याच्यावर अडीच तास घालवले तो औदुंबर कवितेत एकदाच येतो, अगदी शेवटच्या शब्दात, आणि मग शीर्षकात. पुनरावृत्ती ही एक खूण आहे, एकमेव नाही. शीर्षक, पहिली आणि शेवटची ओळ, आणि जिथे लय अडखळते ती जागा, इथे एकदाच आलेली वस्तूही पुरेसं वजन पेलते. ‘असला औदुंबर’मधला ‘असला’ मागच्या सातही ओळींकडे बोट दाखवतो. म्हणजे तो आला एकदा, पण तयारी सात ओळींची आहे. नियम मोजदादीचा न ठेवता वजनाचा ठेवला तर दोन्ही उदाहरणं त्यात मावतील.

पाचवी बैठक सिद्धान्ताची, आणि इथे गाडी घसरते. सुरुवात मात्र चांगली होते. आनंदवर्धनांचा ध्वनिविचार (काव्यात सुचवलेल्या अर्थाचा विचार), अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दाच्या तीन शक्ती (सरळ, लाक्षणिक आणि सुचवलेला अर्थ देणाऱ्या), आणि मम्मटाच्या काव्यप्रकाशातलं जुनं उदाहरण: ‘सूर्य मावळला’. वाक्य एकच, पण गुराख्याला ते गुरं वळवायला सांगतं, संध्येला बसणाऱ्याला वेळ झाली म्हणून सांगतं, प्रियकराला भेटू पाहणारीला निघायला सांगतं. कोण कुणाला म्हणतो आहे यावर व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, फिरतो. प्रतीकाचा अर्थ का फिरतो, ते यावरून आपल्या शब्दांत समजतं. पण हे २० मिनिटांत आटोपतं आणि उरलेला वेळ फ्रेंच प्रतीकवादाला जातो: बोदलेर, मालार्मे, १८ सप्टेंबर १८८६ च्या ‘ल फिगारो’तला झां मोरेआसचा जाहीरनामा. माहिती बरोबर आहे, पण ‘प्रतीक’ आणि ‘प्रतीकवाद’ यांतला फरक कुणी स्पष्ट करत नाही. प्रतीक ही कुठल्याही काळातल्या, कुठल्याही भाषेतल्या साहित्यात सापडणारी गोष्ट. प्रतीकवाद ही विशिष्ट काळात, विशिष्ट ठिकाणी उभी राहिलेली चळवळ. हा खुलासा नसल्यानं विद्यार्थी उत्तरात बिनदिक्कत ‘प्रतीकवादी कवी बालकवी’ लिहून मोकळे होतात. जाहीरनामा निघाला तेव्हा बालकवींचा जन्मही झालेला नव्हता, हे जाऊ द्या. पण प्रतीक वापरलं म्हणून कुणी त्या चळवळीचा होत नाही, हे सांगायला दोन वाक्यं लागतात. ती सांगावीत, आणि ध्वनिविचाराला पूर्ण तास द्यावा. आपल्या वाचकाला तोच जास्त कामाला येतो.

सहावी बैठक परीक्षेच्या उत्तराची. दहा गुणांच्या प्रश्नाला किती लिहायचं, ते इथे व्यवस्थित बांधून देतात: वस्तू रचनेत कुठे आणि कशी येते यावर दोन-तीन वाक्यं, तिच्यात किंवा तिच्याभोवती काय बदलतं यावर तेवढीच, मग दोन अर्थ, प्रत्येकाला अवतरण, त्यांतला कोणता जास्त टिकतो आणि का, आणि शेवटी, हवाच तर, चरित्र किंवा काळ. समीक्षकाचं मत द्यायचं तर स्वतःचं निरीक्षण मांडून झाल्यावर. हे सगळं सरळ कामाचं आहे.

आणि मग तो तक्ता. ‘साहित्यातील नेहमीची प्रतीके’ अशी दोन पानं, ५० ओळी, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे अर्थ. पाच आठवडे जी सवय मोडली ती इथे परत हातात ठेवली जाते. बहुधा विद्यार्थीच मागतात म्हणून देत असतील. परीक्षेच्या तोंडावर असा कागद कुणालाही हवासा वाटतो. पण नुकसान किती होतं ते एका ओळीवरून कळेल. तक्त्यात कावळा म्हणजे पितर, मृत्यू. दहाव्याच्या पिंडाचा कावळा आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तो रूढ संकेत खराच आहे. आता ज्ञानेश्वरांची विरहिणी घ्या: ‘पैल तोगे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे’. पलीकडे कावळा ओरडतो आहे आणि ती आनंदली आहे, कारण पाहुणा येणार असल्याचा तो शकुन आहे. ती त्याचे पाय सोन्यानं मढवायला निघाली आहे, आणि विचारते काय, तर पंढरीराव घरी कधी येणार. तक्ता पाठ केलेला मुलगा इथे मृत्यू लिहील आणि त्याला स्वतःच्या जिल्ह्यातल्या विठ्ठलाची वाट पाहणारी ही बाई दिसणारच नाही. तक्ता द्यायचाच असेल तर उजवा रकाना कोरा ठेवून द्यावा आणि शीर्षकात ‘या रचनेत काय करतो?’ असं लिहावं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. जागा वीस जणांना पुरते, पण मागच्या दोन बाकांवर रस्त्याचा आवाज येतो. कविता मोठ्यानं वाचली जाते तेव्हा तो फार जाणवतो, म्हणून पावणेदहाला पोहोचावं. दुचाकी खाली लागते, चारचाकी आणू नये. पेन्सिल आणि खोडरबर लागतोच, कारण खुणा दोन-तीनदा बदलाव्या लागतात. पेन घेऊन येणाऱ्यांची पानं दुसऱ्या बैठकीतच वाचण्यापलीकडे जातात. गृहपाठ शुक्रवारपर्यंत पोचवला तरच रविवारी तपासून मिळतो. वर्गाला यायच्या आधी त्या कवितांची गाइडं वाचू नयेत. वाचली असतील तर पहिली दोन उत्तरं त्यातलीच सुचतात आणि पेन्सिल पुढे सरकत नाही. झटपट नोट्स हव्या असतील तर इथे येऊ नये, इथे त्या मिळत नाहीत.

फी जास्त आहे का? सहा बैठका आणि गृहपाठाची तपासणी पाहता नाही. खासगी शिकवणीत एवढ्या बारकाईनं वही तपासणारं कुणी सहसा मिळत नाही. पण विद्यार्थ्यांसाठी निम्मी फी ठेवायला हवी; तालुक्याच्या गावाहून एसटीनं येणाऱ्या मुलांना भाडं धरून हा खर्च झेपत नाही, आणि नेमकी त्यांनाच याची सर्वांत जास्त गरज आहे.

पुढची तुकडी गड्डा (सिद्धेश्वर यात्रेची जत्रा) संपल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. पैसे भरायच्या आधी एक बैठक फुकट बसू देतात. त्यासाठी दुसरी बैठक मागून घ्या. पहिलीला बसवायचा त्यांचा आग्रह असतो, पण विनंती केली तर ऐकतात.